मापणाऱ्यांचे माप

इ. स. 1896 च्या मार्च महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका शिक्षिकेने आपल्या एका विद्यार्थ्याची अडचण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्राचे अध्यापक लाइटनर विटमर यांच्यापुढे मांडली. मुलगा चौदा वर्षांचा होता. इतर बाबतींत त्याची समज चांगली होती. परंतु शुद्धलेखनात त्याची गाडी काही केल्या पुढे सरकेना. विटमर यांनी त्याला तपासले, तेव्हा पहिला दोष सापडला तो त्याच्या दृष्टीत. मुलाला अक्षरे दुहेरी दिसत. त्याला चष्मा देण्यात आला, त्यानंतर काही काळ वेगळ्या पद्धतीने शिकवण्यात आले, आणि पूर्णपणे नाही तरी पुष्कळच सुधारणा झाली. असा मुलगा एखाद्या उतावीळ तपासनिसाच्या हाती लागता, तर त्याच्या कपाळी ‘ढ’ हा शिक्का बसावयास कितीसा वेळ लागला असता?

त्याच वर्षी विटमर यांनी आपल्या विद्यापीठात मुलांसाठी मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, आणि 1907 मध्ये या विषयाला वाहिलेले एक नियतकालिकही सुरू केले. शालेय मानसशास्त्रज्ञ या व्यवसायाचा उगम बहुतेक इतिहासकार येथेच शोधतात. मूल शाळेत मागे का पडते, ते वर्गात मुके का राहते, त्याचा संताप कोठून येतो, याचा छडा लावून शिक्षकास व पालकास वाट दाखविणे, हे या मंडळींचे काम. काम मोलाचे खरे; परंतु त्यात एक मोठी जोखीम आहे. या तपासनिसाने कागदावर लिहिलेल्या एका आकड्याने मूल कोणत्या वर्गात बसेल, कोणत्या शाळेत जाईल, किंबहुना पुढे कोणता धंदा करील, हे ठरू शकते. सोनाराच्या तराजूची तपासणी करणारा सरकारी निरीक्षक असतो. बुद्धीचा तराजू हाती धरणाऱ्याची तपासणी कोणी करावयाची? या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या शतकात सापडत गेले, ते बऱ्याच अंशी विनावेतन काम करणाऱ्या समित्यांच्या इतिहासात दडलेले आहे.

या इतिहासाचे पहिले पान पॅरिस शहरात उलगडते. तेथे 1899 मध्ये बालकांच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्यात शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, या विषयाची आवड असलेले इतर नागरिकही होते. सरकारी आज्ञेने हे मंडळ निघालेले नव्हते, किंवा त्याच्या सभासदांना त्यातून काही प्राप्तीही नव्हती. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ या मंडळात आले आणि लवकरच त्याचे धुरीण बनले. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे नाना तऱ्हेची मुले शाळेत येऊ लागली होती, आणि जी मागे पडत त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न शिक्षकांना भेडसावीत होता. या मंडळाने तो प्रश्न लावून धरला, आणि 1904 मध्ये सरकारने त्यासाठी एक आयोग नेमला. बिने त्या आयोगावर होते. शैक्षणिक व वैद्यकीय तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही मुलास साध्या शाळेतून काढून खास शाळेत घालू नये, असे त्या आयोगाने ठरविले. आता तपासणी करावयाची तर काही साधन हवे. या गरजेतून बिने व त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी 1905 मध्ये आपली सुप्रसिद्ध बुद्धिमापनश्रेणी तयार केली.

म्हणजे ज्या कसोटीने पुढे लक्षावधी मुलांची वर्गवारी झाली, ती कसोटी मुळात मुलांना अन्यायाने शाळेबाहेर घालविले जाऊ नये म्हणून निघाली होती. बिने यांनी स्वतः 1909 मधील आपल्या ग्रंथात, बुद्धी ही जन्माबरोबर ठरून गेलेली व कधी न वाढणारी वस्तू आहे, या समजुतीला कडाडून विरोध केला. 1911 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. कसोटी मात्र देशोदेशी निघून गेली, आणि मूळ कर्त्याचा सावधपणा प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर गेलाच असे नाही.

अमेरिकेत ती 1908 मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत हेन्री गॉडर्ड यांनी नेली. 1916 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढली. हिंदुस्थानातही तिचे निरनिराळ्या भाषांत अवतार झाले. मराठी वाचकांना आपुलकी वाटावी असा त्यांतील एक प्रयत्न धारवाडास झाला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीची मराठी व कानडी मुलांसाठी नवी रचना केली, आणि 1940 मध्ये हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या मुलाला विचारलेला प्रश्न धारवाडच्या मुलाला तसाच्या तसा विचारून चालत नाही. त्याची भाषा, त्याचे घर, त्याने पाहिलेल्या वस्तू यांचा विचार करूनच तराजूतील वजने बदलावी लागतात, हे या प्रयत्नाच्या मुळाशी होते. पुढे जे मोठे वाद माजले, ते नेमके याच मुद्द्यावर.

अमेरिकेत हा व्यवसाय वाढला तो एकेकट्याच्या बळावर. 1915 मध्ये कनेटिकट राज्याच्या शिक्षणमंडळाने आर्नॉल्ड गेझेल यांची शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. या नावाने झालेली ही पहिली नेमणूक, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी राज्यातील शाळांतून हिंडून मुलांची तपासणी करावयाची होती. त्यांच्यानंतर आलेल्यांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. एका जिल्ह्यात बहुधा एकच मानसशास्त्रज्ञ असावयाचा. शिक्षक त्याला आपल्यातला समजत नसत, विद्यापीठातील विद्वान त्याला हमाली करणारा समजत, आणि शाळेचे वरिष्ठ त्याच्याकडे कसोटी घेऊन आकडा देणारे यंत्र म्हणून पाहत. शंका आली तर विचारावयाची कोणाला, चूक झाली तर ती दाखविणार कोण, आणि वरिष्ठाने गैर काम सांगितले तर पाठीशी कोण उभे राहणार, या तीनही प्रश्नांना त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

1892 मध्ये स्थापन झालेली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटना ही प्रामुख्याने विद्यापीठीय संशोधकांची. 1945 मध्ये तिची पुनर्रचना झाली, तेव्हा शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी तिच्यात 16 वा विभाग निघाला. या विभागातील मंडळींच्या पुढाकाराने 1954 च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे, थेअर नावाच्या हॉटेलात, एक परिषद भरली. 48 जण दहा दिवस एकत्र राहिले. या व्यवसायाचे काम कोणते, त्यासाठी शिक्षण किती हवे, परवाना कोणी द्यावा, याची चर्चा झाली. त्या वेळी साऱ्या देशात असे मानसशास्त्रज्ञ जेमतेम हजाराच्या आसपास होते. परिषदेचा वृत्तांत नॉर्मा कट्स यांनी संपादित केला, आणि 1955 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. याच 1954 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले होते. शाळेचे दार कायद्याने उघडले. दाराच्या आत आल्यावर मुलाला कोणत्या खोलीत बसवावयाचे, हे मात्र अजून पुष्कळ अंशी तपासनिसाच्या अहवालावर अवलंबून होते.

परिषद संपली, मंडळी आपापल्या गावी गेली. ठराव अमलात कोणी आणावयाचे? या कामी राज्याराज्यांतील लहान संघटना पुढे आल्या. ओहायो राज्यात 1943 पासूनच अशी संघटना होती, आणि ती देशातील पहिली होय. तिच्या कार्यकर्त्यांना असे वाटू लागले की, डॉक्टरेट नसलेल्या परंतु प्रत्यक्ष शाळेत राबणाऱ्या माणसाला जुन्या संघटनेत खरा वाव नाही. 1968 मध्ये त्यांनी कोलंबस येथे इतर राज्यांतील मंडळींस बोलावून विचारविनिमय केला, आणि 15 मार्च 1969 रोजी सेंट लुइस शहरात शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पॉलिन अलेक्झांडर या तिच्या पहिल्या अध्यक्षा. आज या संघटनेचे सुमारे 25 हजार सभासद आहेत, आणि तिची कचेरी मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे आहे. आरंभी मात्र तिचा भार वाहिला तो पदाधिकाऱ्यांनी व समित्यांच्या सभासदांनी, आपले शाळेतील काम सांभाळून.

मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. सरकारी कचेरी सुटल्यावर वाचनालयाचे कपाट उघडणारा चिटणीस, व्याख्यानमालेच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणारा खजिनदार, आणि संमेलन संपल्यावर सतरंज्या उचलणारी मुले इंदूरास, ग्वाल्हेरीस, बडोद्यास, बेळगावास पिढ्यान् पिढ्या दिसत आली आहेत. फरक इतकाच की, वाचनालयाच्या चिटणिसाची चूक झाली तर पुस्तक हरवते. मानसशास्त्रज्ञांच्या समितीची चूक झाली तर मूल हरवते.

या संघटनेची रचना साधी आहे. प्रत्येक राज्यातील सभासद आपला एक प्रतिनिधी निवडतात. पदाधिकारी ठराविक मुदतीने बदलतात. त्यांच्या हाताखाली निरनिराळ्या समित्या असतात. कोणी नीतिनियमांचे काम पाहते, कोणी शिक्षणाच्या दर्जाचे, कोणी वार्षिक अधिवेशनाचे, कोणी प्रकाशनांचे, कोणी कायदेमंडळाशी संपर्क ठेवण्याचे, तर कोणी नव्या सभासदांचे. पगारी नोकरवर्ग आता आहे आणि तो आवश्यकही आहे. पत्रे जावयास हवीत, हिशेब राहावयास हवा. परंतु व्यवसायाचा निवाडा ज्या ठिकाणी लागतो, तेथे आजही व्यवसायातीलच माणूस आपला वेळ विनामूल्य देऊन बसलेला आढळतो. वार्षिक अधिवेशनासाठी जे निबंध येतात ते वाचून निवडणारे सभासदच. 1972 मध्ये संघटनेने आपले त्रैमासिक काढले, आणि 1980 मध्ये त्याला ‘स्कूल सायकॉलॉजी रिव्ह्यू’ हे नाव मिळाले. त्याकडे येणारे लेख तपासणारेही असेच विनावेतन परीक्षक. लेखकाचे नाव झाकून लेख वाचावयाचा, दोष लिहून कळवावयाचा, आणि आपले नाव कोठेही येणार नाही याची खात्री असताना रात्री जागावयाचे, हे काम डामडौलाचे नव्हे. परंतु एखादी कच्ची कसोटी शाळेत शिरण्यापूर्वी जी काही दारे तिला ओलांडावी लागतात, त्यांतील एक दार हेच.

या समित्यांत सर्वांत अवघड काम नीतिनियम समितीचे. 1974 मध्ये संघटनेने आपली नीतिसंहिता स्वीकारली. तीत वेळोवेळी सुधारणा होत आल्या असून 2020 मध्येही ती नव्याने तयार करण्यात आली. मुलाविषयी कळलेली गुप्त गोष्ट कोणास सांगावी व कोणास सांगू नये. पालकाची संमती केव्हा घ्यावी. ज्या कामाचे शिक्षण नाही ते काम अंगावर घ्यावे की नाही. नोकरी देणारी शाळा आणि समोर बसलेले मूल यांच्या हिताचा विरोध आला तर कोणाच्या बाजूने उभे राहावे, असे प्रश्न तीत येतात. एखाद्या सभासदाविरुद्ध तक्रार आली की ही समिती ती पाहते. तिचा कल आधी समजुतीने दोष दूर करण्याकडे असतो, आणि अगदी टोकाचा उपाय म्हणजे सभासदत्व काढून घेणे. ती तुरुंगात घालू शकत नाही, की दंड वसूल करू शकत नाही. परंतु दूरच्या एखाद्या जिल्ह्यात एकट्याने काम करणाऱ्या माणसाला, वरिष्ठाने नियमबाह्य अहवाल मागितला असता, “हे माझ्या व्यवसायाच्या संहितेत बसत नाही,” असे म्हणता येते ते या कागदामुळे. एकट्याच्या नकाराला हट्ट म्हणतात. त्याच नकारामागे हजारो सहव्यवसायी उभे असले म्हणजे त्याला नियम म्हणतात.

तरीही केवळ संघटना आहे म्हणून अन्याय थांबतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. या व्यवसायाची कठोर परीक्षा झाली ती कॅलिफोर्नियात, आणि ती घेणारे स्वयंसेवक या संघटनेच्या बाहेरचे होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील काही काळ्या मुलांना बुद्धिमापनाच्या आधारे ‘मंदबुद्धी’ मुलांच्या वर्गात टाकण्यात आले होते. 1968 मध्ये काळ्या मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना त्याच शहरात स्थापन केली होती. तिच्या स्थानिक शाखेतील सभासदांनी या मुलांची पुन्हा तपासणी केली. त्यांनी मुलांशी आपुलकीने बोलून, त्यांना ओळखीच्या भाषेत प्रश्न विचारून कसोटी घेतली, तेव्हा मुलांचे आकडे त्या वर्गाची मर्यादा ओलांडून वर गेले. 1971 मध्ये खटला दाखल झाला. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. राज्यातील एकूण विद्यार्थ्यांत काळी मुले शेकडा 10 च्या आसपास होती, पण या खास वर्गांत त्यांचे प्रमाण शेकडा 25 च्या घरात होते, ही विषमता न्यायालयापुढे आली. 1979 मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी काळ्या मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंकाच्या कसोट्या वापरण्यास मनाई केली. 1980 मध्ये शिकागोतील दुसऱ्या एका न्यायालयाने याच प्रकारच्या खटल्यात निराळा निर्णय दिला, त्यामुळे शास्त्रीय वाद मिटला असे म्हणता येणार नाही. परंतु धारवाडच्या प्रयत्नात जो प्रश्न शांतपणे हाताळला गेला होता, तोच येथे मुलांच्या आयुष्याची बाजी लावून उभा राहिला होता. कसोटी घेणाऱ्याला आपल्या कसोटीविषयी संशय वाटणे हे त्याच्या कर्तव्यातच मोडते, हा धडा सर्वांना घ्यावा लागला.

दरम्यान 1975 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायदेमंडळाने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संमत केला. प्रत्येक अपंग मुलाला विनामूल्य व योग्य शिक्षण मिळाले पाहिजे, त्याच्यासाठी स्वतंत्र योजना लिहिली पाहिजे, एकाच कसोटीवर निर्णय होता कामा नये, आणि पालकांना त्यात भाग मिळाला पाहिजे, असे त्यात ठरले. साहजिकच शालेय मानसशास्त्रज्ञांची गरज एकाएकी वाढली. मागणी वाढली की अर्धशिक्षित माणसेही बाजारात येतात. म्हणून 1978 मध्ये संघटनेने सेवेचे दंडक प्रसिद्ध केले. हे दंडक लिहिणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी एखाद्या संस्थेची घटना लिहिली आहे त्यांनाच येईल. एकेका शब्दावर पत्रव्यवहार होतो, राज्याराज्यांतून हरकती येतात, मसुदा परत फिरतो. ‘पाहिजे’ लिहावे की ‘इष्ट आहे’ लिहावे, यावर तासन् तास जातात. बाहेरून पाहणाऱ्यास हा शब्दच्छल वाटतो. पण ‘पाहिजे’ लिहिले तर शाळेला माणूस नेमावा लागतो, आणि ‘इष्ट आहे’ लिहिले तर मूल वाट पाहत राहते.

याच सुमारास पदवीचा तंटाही उभा राहिला. 1977 मध्ये जुन्या मानसशास्त्रीय संघटनेने ‘मानसशास्त्रज्ञ’ हे नाव डॉक्टरेट मिळविलेल्यांनाच असावे, असा ठराव केला. शाळांत काम करणाऱ्या बहुसंख्यांजवळ ती पदवी नव्हती. भांडण विकोपास जाण्याचा संभव होता. परंतु 1978 मध्ये दोन्ही संघटनांनी संयुक्त समिती नेमली, आणि पुढे अनेक वर्षे ती काम करीत राहिली. मतभेद नाहीसे झाले नाहीत. पण बोलणी थांबली नाहीत. राष्ट्रीय संघटनेने आपल्या बाजूने विशेषज्ञ पातळीचे शिक्षण आणि किमान 1200 तासांची उमेदवारी, त्यातील निदान निम्मी प्रत्यक्ष शाळेत, असा आग्रह धरला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिने राष्ट्रीय प्रमाणपत्राची पद्धतही सुरू केली. विद्यापीठांचे अभ्यासक्रम या दंडकांस उतरतात की नाही, हे तपासण्याचे काम पुन्हा सभासदांतील परीक्षकांकडेच येते.

समित्यांच्या कामाला कागदाच्या पलीकडेही एक बाजू आहे. 1996 मध्ये संघटनेने आपत्तीच्या वेळी धावून जाणारे स्वयंसेवकांचे एक राष्ट्रीय पथक उभारले. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात बारा विद्यार्थी व एक शिक्षक मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगानंतर शाळा पुन्हा केव्हा उघडावी, रिकाम्या बाकाचे काय करावे, मुलांना काय सांगावे व काय सांगू नये, हे गावातील शोकाकुल माणसांना एकट्याने ठरविणे अशक्य असते. तेथे अनुभवी सहव्यवसायी शेजारी उभा असणे हाच मोठा आधार होतो. या अनुभवांचे सार काढून 2006 मध्ये शाळांतील संकटनिवारणाचा एक रीतसर शिक्षणक्रम तयार झाला. म्हणजे एका गावाच्या दुःखात जे शिकावयास मिळाले, ते दुसऱ्या गावावर दुःख कोसळण्यापूर्वी तेथे पोहोचविण्याची ही सोय होती.

समितीतून संस्था कशी वाढते, याचेही उदाहरण याच क्षेत्रात मिळते. 1972 मध्ये कॅल्व्हिन कॅटरॉल व शिकागोच्या फ्रान्सिस मलेन यांच्या पुढाकाराने शालेय मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय समिती निघाली. 1975 मध्ये जर्मनीतील म्यूनिक येथे तिने पहिला परिसंवाद भरविला, आणि 1982 मध्ये तिचेच रूपांतर आंतरराष्ट्रीय संघटनेत झाले. आज हिंदुस्थानातही शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना आहे. परंतु येथील बहुसंख्य शाळांत असा माणूस अद्याप पोहोचलेलाच नाही. आणि तो पोहोचण्यापूर्वी त्याच्या पाठीशी नियम व सहकारी उभे करणे हे काम त्या संघटनेपुढे आहे.

या साऱ्या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. समितीचे काम सावकाश चालते. ज्याला वेळ आहे आणि ज्याची शाळा प्रवासास रजा देते, तोच तिच्यात शिरू शकतो. दूरच्या गावातील, अंगावर सर्वांत अधिक मुलांचा भार असलेला माणूस बाहेरच राहतो. एकदा कामास लागलेल्या माणसाच्या गळ्यात पुन्हा पुन्हा तेच काम पडते. शिवाय आपल्याच व्यवसायाचे रक्षण करण्याच्या भरात मुलाचे हित मागे पडण्याचा धोका नेहमीच असतो, आणि कॅलिफोर्नियाचा खटला ही त्याची कायमची आठवण आहे. त्यातच माणसांची टंचाई. 500 विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा, असे या संघटनेचे आजचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात देशाची सरासरी एकामागे हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची आहे. जो दिवसभर दुप्पट काम करतो, त्याच्याकडेच संध्याकाळचा वेळ मागावयाचा, ही या स्वयंसेवेतील खरी कोंडी होय. ती केवळ त्यागाच्या गोष्टी सांगून सुटणारी नाही. सरकारने व शाळांनी माणसे वाढविली, तरच समित्यांना नवे हात मिळतील.

तथापि, या समित्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार करण्यासाठी कल्पनेचे घोडे फार दौडवावे लागत नाहीत. व्यवसायाच्या पहिल्या पन्नास वर्षांत त्या जवळजवळ नव्हत्याच. त्या काळी प्रत्येक तपासनीस आपल्या बुद्धीप्रमाणे व आपल्या पूर्वग्रहाप्रमाणे मुले मापीत होता. त्यांतील काही विटमर यांच्यासारखे सावध होते, आणि पुष्कळजण नव्हते. सावधपणा हा एका माणसाचा गुण असतो, तोवर तो त्याच्याबरोबरच संपतो. दहा माणसांनी टेबलाभोवती बसून त्याचा नियम केला, तो छापला, न पाळणाऱ्यास जाब विचारला, आणि चुकला आहे असे दिसल्यावर तो नियमच बदलला, म्हणजे तो गुण व्यवसायाचा होतो.

फिलाडेल्फियाच्या त्या मुलाला अक्षरे दुहेरी दिसत होती, हे कोणाच्या तरी लक्षात आले, कारण कोणीतरी आकडा लिहिण्यापूर्वी थांबून त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. प्रत्येक मुलाच्या वाट्याला विटमर येईलच, याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. परंतु जो कोणी येईल त्याने लेखणी उचलण्यापूर्वी थांबले पाहिजे, इतके पाहणे माणसांच्या हाती आहे; आणि ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर येणार नाहीत अशी काही माणसे शाळा सुटल्यावर, दिवा लावून, ते काम करीत बसलेली असतात.